मेणकापडाच्या पट्ट्या

पहिल्या आठवड्यात मला सगळी बाळं
उकडून सोललेल्या बटाट्यांसारखी दिसायची.
मी एकोणीस वर्षांची, झेस्ताफोनीच्या प्रसूतिगृहात नवी.
सतरा पाळणे, सतरा तांबडी कपाळं,
आणि मनगटावरच्या मेणकापडाच्या पट्टीवरचा आकडा सोडला
तर कुणाचं कोण, देव जाणे.

त्सिउरी मावशी पट्टीकडे बघायचीच नाही.
दोन हातांत दोन गाठोडी घेऊन निघायची
आणि चुकायची नाही.
विचारलं, तर म्हणाली,
"डोळ्यांकडे बघू नकोस. डोळे अजून त्यांचे नाहीत.
नाक आणि ओठ यांच्यामधली पन्हळ बघ.
कानाची पाळी कुठे चिकटलीय ते बघ.
आणि रागावू दे. राग ज्याचा त्याचा असतो."

मग एका सकाळी, मार्च असेल,
बाहेर दुधाचे कॅन उतरवत होते,
मी दार उघडलं आणि खोलीत
सतरा माणसं होती.
एक कंजूष. एक उगाच घाईत.
खिडकीजवळचा असा, की त्याला कुणी कधी खरं सांगणार नाही.
मी दार हळूच ओढून घेतलं,
न विचारता कुणाच्या घरात शिरल्यावर घेतात तसं.

तेव्हापासून मोठ्यांचे चेहरे मला नीट दिसत नाहीत.
मार्शरुत्कात समोर बसलेला मिशाळ गृहस्थ.
मी त्याच्या मिशा काढते, दात काढते,
कपाळ सैल करते,
तीन किलो दोनशेवर आणते,
मग ओळखते.
नवरा म्हणतो, असं रोखून बघू नये.

मावशी आता एक्याऐंशीची.
तरुण पोरी तिला वेगवेगळ्या दिसत नाहीत.
"सगळ्यांना एकच भुवई वाटून दिलीय," म्हणते,
आणि माझ्या मुलीचे अक्रोड
शेजारणीच्या मुलीच्या ओंजळीत ओतते.
पण बाजारात काठी टेकत चाललेली म्हातारी
पाठमोरी ओळखते, शंभर पावलांवरून:
"ती बघ लामारा. माझी छत्री नेली होती, परत दिली नाही."
वय झालं की माणूस
आपल्या वयाच्याच गल्लीत राहायला जातो बहुतेक.

परवा तिनं दारातच माझा हात धरला.
"त्र्याण्णवची थंडी आठवते?"
न आठवायला काय झालं. वीज नाही, पाणी नाही.
रॉकेलच्या स्टोव्हजवळ एका गादीवर
आम्ही बाळं ओळीनं निजवलेली,
आणि पहाटे दोघांच्या पट्ट्या गळून पडलेल्या.
तिनं मेणबत्ती धरली. एकदा इकडे. एकदा तिकडे.
"हा चुबिनिद्झेंचा. हा दुसरा."
पट्ट्या मी बांधल्या. गाठ माझी होती.
माझा मार्च अजून यायचा होता.

"चुबिनिद्झेंचा तो आता पाव भाजतो," मावशी म्हणाली.
"आज त्यानं भट्टीतून मान वर काढली
आणि मला तो दिसलाच नाही गं.
नुसता पाववाला दिसला.
तेव्हा तरी दिसला होता का?
की दिसायलाच हवा होता, म्हणून दिसला?"

तुझं कधी चुकलं नाही, मी म्हटलं.
इतक्या लवकर म्हटलं
की तिला कळलं असणार.

आज रांगेत उभी राहिले.
भट्टीत कमरेपर्यंत वाकलेला माणूस,
कोपरापर्यंत पीठ.
मी दाढी काढली, दात काढले,
तिशीतलं ते पोट काढलं,
ओठांवरच्या पन्हळीपाशी पोहोचत होते, तेवढ्यात
"किती?"
"दोन."
त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.
"तुम्ही त्सिउरी मावशींबरोबरच्या ना?
त्यांना हल्ली चावत नाही," म्हणाला,
आणि मागे फडक्यात वेगळा ठेवलेला, कमी भाजलेला एक
वरच्या वर माझ्या हातात दिला.

कागदातून पाव पोळत होते.
पुलावर मी हात बदलले, मग पुन्हा बदलले.
मावशीच्या दाराशी पोहोचले तेव्हा
दोन हातांत दोन,
आणि मऊ कुठला,
ते दाबून बघावं लागलं.